इंजेक्शन, लस, मलम: तिन्हींना एकच उत्तर लिहू नका

प्रश्न: मला तेहतिसावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहतो आणि मिडवाईफच्या टीमकडे नाव नोंदवलं आहे. गरज पडली तर जायचं हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे. मागच्या भेटीत त्यांनी संमतीचा कागद दिला. त्यावर तीन ओळी आहेत: व्हिटॅमिन केचं इंजेक्शन, हिपॅटायटिस बीची लस आणि डोळ्यांत घालायचं मलम. प्रत्येकापुढे 'हो' किंवा 'नाही' लिहायचं आहे. माझी जाऊ अमेरिकेत असते, तिने पाठवलेले लेख वाचून डोकं भणभणायला लागलंय. औषधाशिवाय कळा, नाळ उशिरा कापणं, बाळ लगेच छातीवर, हे सगळं ठरवल्यावर पहिल्याच तासात त्याला सुया कशाला टोचायच्या, असं मला वाटतं. नवरा म्हणतो, तिन्हींना 'नाही' लिहून मोकळे होऊ. सासूबाईंची इच्छा आहे की बाराव्या दिवशी बारसं करावं आणि त्याच दिवशी सोनाराला बोलावून कान टोचावेत. काय लिहू?

उत्तर: ताई, या तीन गोष्टी एका कागदावर आल्या आहेत एवढंच त्यांचं नातं. एक रक्त गोठण्यासाठी, दुसरी यकृताच्या विषाणूसाठी, तिसरी लैंगिक संसर्गातून बाळाच्या डोळ्यांना होणाऱ्या आजारासाठी. प्रत्येकीचा धोका वेगळा, पर्याय वेगळा. इंजेक्शनपुढे 'हो' लिहा. लसीपुढेही 'हो' लिहा. मलमाचं उत्तर तुम्हा दोघांच्या तपासणीवर सोडा, तिथे 'नाही' लिहिण्याला जागा आहे. आता एकेकीकडे बघू, सगळ्यात जास्त वेळ व्हिटॅमिन केला देऊन, कारण ते नाकारलं तर होणारं नुकसान भरून काढता येत नाही.

रक्त गोठवणारे चार घटक (दोन, सात, नऊ आणि दहा क्रमांकाचे) यकृतात तयार होतात, आणि ते कामाचे व्हायला व्हिटॅमिन के लागतं. मोठ्या माणसाला ते पालेभाज्यांतून आणि आतड्यातल्या जिवाणूंकडून मिळतं. पोटातल्या बाळाला ते आईकडून फारच थोडं मिळतं, कारण वारेतून ते जेमतेम पलीकडे जातं. जन्मतः आतड्यात जिवाणू नसतात. आईच्या दुधातही ते कमीच असतं, लिटरमागे साधारण १ ते ४ मायक्रोग्रॅम. ही तुमच्या दुधातली खोट नाही, सगळ्याच आयांच्या दुधात ते इतकंच असतं. पालक, मेथी, शेपू भरपूर खाल्ल्याने तुमची तब्येत सुधारेल, पण दुधातलं प्रमाण बाळाला पुरेल इतकं वाढत नाही. नाळ उशिरा कापूनही हा प्रश्न सुटत नाही. त्यातून बाळाला रक्त आणि लोह मिळतं, ते फार मोलाचं आहे, पण नाळेतल्या रक्तातच व्हिटॅमिन के नसल्यासारखं असतं.

या कमतरतेमुळे होणारा रक्तस्राव तीन काळांत दिसतो. पहिल्या २४ तासांत होणारा मुख्यतः फिट्सची, टीबीची किंवा रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्या आयांच्या बाळांना होतो. (तुम्ही यातलं काही घेत असाल तर मिडवाईफना आणि डॉक्टरांना आजच सांगा, नियोजन बदलतं.) दुसरा पहिल्या आठवड्यात: बेंबीतून, नाकातून, शीतून रक्त. सगळ्यात घातक तिसरा, जो दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत कधीही होतो आणि बहुतेकदा तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात गाठतो. ही बाळं तोवर ठणठणीत असतात, अंगावर पीत असतात, वजन वाढत असतं. मग एक दिवस बाळ पीत नाही, मलूल पडतं, टाळू फुगते, फिट येते. अशा निम्म्याहून अधिक बाळांच्या मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. पाचातलं एक बाळ दगावतं, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना आयुष्यभराचं अपंगत्व येतं.

हे किती वेळा होतं? इंजेक्शन न मिळालेल्या बाळांत उशिराचा रक्तस्राव युरोपातल्या नोंदींत लाखामागे ४ ते ७ इतका दिसला, आशियातल्या काही देशांत त्याहून बराच जास्त. आकडा लहान आहे, हे तुमच्या जाऊबाईंच्या लेखांत खरंच लिहिलेलं असेल. पण कोणत्या बाळाला होणार हे आधी ओळखता येत नाही. काही बाळांत यकृताच्या पित्तनलिका बंद असतात, त्यामुळे आहे तेवढं व्हिटॅमिन केही शोषलं जात नाही, आणि हा दोष जन्मतः बाहेरून दिसत नाही. बाळंतपण सुरळीत झालं, बाळाला चिमटा लावावा लागला नाही, म्हणून बाळ सुरक्षित, हा तर्क पहिल्या आठवड्यापुरता थोडा चालतो. दुसऱ्या महिन्यातल्या रक्तस्रावाचा प्रसूती कशी झाली याच्याशी काही संबंध नसतो.

तुमच्यासारखंच बाळंतपण निवडणाऱ्यांशी थेट संबंध असलेलं एक उदाहरण अमेरिकेतलंच आहे. २०१३च्या फेब्रुवारी ते सप्टेंबर या काळात टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात असा उशिराचा रक्तस्राव झालेली चार बाळं एकाच हॉस्पिटलात दाखल झाली. एकालाही इंजेक्शन मिळालेलं नव्हतं. तिघांच्या डोक्यात रक्तस्राव होता. चौकशी झाली तेव्हा दिसलं की त्या भागातल्या खासगी प्रसूती केंद्रांत जन्मलेल्या २८ टक्के बाळांना हे इंजेक्शन दिलं गेलं नव्हतं, हॉस्पिटलात हेच प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या आत होतं. आईबापांनी दिलेली कारणं ओळखीची होती: गरज वाटली नाही, कॅन्सर होतो असं वाचलं, शरीरात विषारी काही जायला नको.

कॅन्सरची भीती कुठून आली ते सांगतो. १९९२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या एका छोट्या अभ्यासात इंजेक्शन आणि लहान मुलांचा कॅन्सर यांचा संबंध असल्यासारखं दिसलं. शंका रास्त होती, म्हणून ती तपासली गेली. पुढच्याच वर्षी स्वीडनमधल्या दहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी पाहिल्या गेल्या, नंतर इतर देशांतही अभ्यास झाले, आणि हा संबंध टिकला नाही. 'याने कावीळ वाढते' ही भीतीही निराधार जन्मलेली नाही. पूर्वी व्हिटॅमिन केचा एक वेगळा, कृत्रिम प्रकार (के-३) मोठ्या मात्रेत द्यायचे, त्याने लाल पेशी फुटून कावीळ व्हायची. आज द्यायचा प्रकार के-१ आहे, वनस्पतींत असतो तोच. मात्र अँप्यूलवर (औषधाच्या छोट्या काचेच्या कुपीवर) 'फायटोमेनाडिओन' किंवा 'के-१' लिहिलंय ना, हे बघून घ्या. बघायचा अधिकार तुम्हाला आहे.

मात्रा ठरलेली आहे: १००० ग्रॅम किंवा त्याहून जास्त वजनाच्या बाळाला १ मिलिग्रॅम, त्याहून कमी वजनाच्या बाळाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, एकदाच. रोजच्या गरजेच्या मानाने १ मिलिग्रॅम खूप वाटतो, लेखांत त्यावरूनच घाबरवलेलं असतं. पण ती सगळी मात्रा एकदम रक्तात जात नाही. स्नायूत साठा राहतो आणि तो हळूहळू झिरपतो, म्हणून तर एक टोचणी कित्येक आठवडे पुरते.

यात चुका कुठे होतात ते माहीत असू द्या. बाजारात दोन ताकदींच्या अँप्यूल मिळतात, अर्ध्या मिलीत १ मिलिग्रॅम आणि एका मिलीत १० मिलिग्रॅम. दुसरी हाती आली आणि घाईत अर्धा मिली भरला तर पाचपट मात्रा जाते. म्हणून बाळासाठीची छोटी अँप्यूलच आणून ठेवावी. दुसरी चूक याहून गंभीर: बाळंतपणानंतर आईचा रक्तस्राव थांबवायला दिलं जाणारं मेथर्जिन आणि बाळाचं व्हिटॅमिन के दोन्ही छोट्या अँप्यूलमध्ये येतात, दोन्ही त्याच धावपळीत, त्याच ट्रेमधून उचलली जातात. मेथर्जिन चुकून बाळाला दिलं गेल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत, त्यात बाळाचा श्वास मंदावतो, फिट्स येतात. उपाय सोपा आहे. आईच्या औषधांचा ट्रे वेगळा, बाळाचा वेगळा, आणि टोचण्यापूर्वी अँप्यूलवरचं नाव दोघींनी मोठ्याने वाचायचं. तुमच्या टीमला विचारा, त्या हे करतात का. चांगल्या मिडवाईफना हा प्रश्न खटकत नाही.

आता तुमचा मूळ सल: पहिल्याच तासात सुई का? पहिल्या तासात द्यायलाच हवं असं नाही. बाळ छातीवर राहू दे, नाळ एक ते तीन मिनिटं थांबून कापू दे, पहिलं दूध पिऊन होऊ दे. त्यानंतर, बाळ तुमच्या अंगावर पीत असतानाच मांडीत इंजेक्शन देता येतं. पिताना टोचलं तर बाळ कमी रडतं, हे तपासून पाहिलेलं आहे. बारीक सुई, पाय मऊ हाताने स्थिर धरायचा, नंतर कापूस नुसता दाबायचा, चोळायचा नाही. २४ तासांच्या आत झालं म्हणजे झालं, पण पहिल्या काही तासांतच उरकलेलं बरं, उद्यावर टाकलेलं राहून जातं. यात नैसर्गिक बाळंतपणाच्या तुमच्या यादीतलं काहीच वगळावं लागत नाही.

तोंडाने देण्याचा मार्गही आहे. २ मिलिग्रॅम जन्मतः, पुन्हा चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, पुन्हा चौथ्या ते सहाव्या आठवड्यात. तासाभरात उलटी झाली तर तो डोस परत द्यायचा. हा मार्ग काहीच न देण्यापेक्षा चांगला, इंजेक्शनपेक्षा कमी. आणि ज्या बाळांना सगळ्यात जास्त गरज असते, म्हणजे पित्तनलिका बंद असलेली बाळं, त्यांच्या पोटातून तो नीट शोषलाच जात नाही. नेदरलँड्समध्ये रोज थेंब देण्याची पद्धत होती, तिथेही नेमकी हीच बाळं सुटली. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, आजारी असेल, किंवा आई वर सांगितलेली औषधं घेत असेल, तर तोंडाचा पर्याय धरूच नये. इंजेक्शनची अँप्यूल फोडून तोंडात टाकणं आणि तोंडासाठी खास बनवलेलं औषध देणं यांतही फरक आहे. असं औषध बालरोगतज्ज्ञांनी लिहून दिलेलं आणि तिन्ही डोस घरात आणून ठेवलेले असतील, तरच या वाटेचा विचार करा.

हिपॅटायटिस बीच्या लसीबद्दल लेखांत बहुधा असं असेल की आईचा रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर बाळाला पहिल्या दिवशी लस कशाला. आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. भारतात कोट्यवधी लोकांच्या शरीरात हा विषाणू आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना ते माहीत नाही. तुमची तपासणी बहुधा तिसऱ्या महिन्यात झाली असेल, त्यानंतरचे सहा महिने तो कागद पाहू शकत नाही. आणि बाळाला हातावर घेणारे आजी, आजोबा, काका, मावशी यांच्यापैकी किती जणांची तपासणी झाली आहे? विषाणू रक्तातून, जखमेतून पसरतो. मोठ्या माणसाला संसर्ग झाला तर शंभरातले पाचही जण कायमचे वाहक होत नाहीत. नवजात बाळाला झाला तर शंभरातली नव्वद बाळं होतात, आणि मोठेपणी यकृत खराब होण्याचा, यकृताच्या कॅन्सरचा धोका घेऊन जगतात. जितकं बाळ लहान तितका हा विषाणू घट्ट बसतो, म्हणून सहा आठवड्यांची वाट बघायची नाही.

ही लस अर्धा मिली, मांडीच्या स्नायूत, २४ तासांच्या आत. सरकारी वेळापत्रकात जन्माचा डोस २४ तासांपर्यंतच आहे, त्यापुढे ६, १० आणि १४ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंटमधून (धनुर्वात धरून पाच आजारांवरची एकत्र लस) ती मिळते. व्हिटॅमिन के एका मांडीत, ही दुसऱ्या मांडीत. तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर मात्र हे सगळं बदलतं: लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) वेगळं इंजेक्शन १२ तासांच्या आत, दुसऱ्या मांडीत, आणि ते आधीच आणून ठेवावं लागतं. ते आयत्या वेळी रात्री दोन वाजता शोधत फिरायची गोष्ट नाही. म्हणून रिपोर्ट शोधा, तारीख बघा, नसेल तर या आठवड्यात एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी) करा.

या लसीचा खरा घोटाळा होतो तो थंडाव्यात. ती २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि गोठली की निकामी होते. मार्च-एप्रिलच्या उन्हात नाशिकमध्ये कुणी ती पिशवीतून घेऊन येईल, किंवा जास्त काळजीपोटी थेट बर्फाच्या पाकिटाला चिकटवून आणेल, दोन्ही वाईट. बर्फाचं पाकीट बाहेर काढून हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबायचं, मगच लसीच्या डब्यात ठेवायचं, आणि लसीची कुपी त्याला टेकू द्यायची नाही. तुमच्या टीमकडे लसीचा वेगळा फ्रिज आणि त्यातल्या तापमानाची रोजची नोंद नसेल, तर ती लस घरी मागवण्याच्या भानगडीत पडू नका. बाळाला २४ तासांच्या आत लसीच्या जागी न्या. शहरात जिल्हा रुग्णालय, नाशिकरोडचं बिटको, कथड्याचं डॉ. झाकीर हुसैन रुग्णालय अशा सरकारी आणि महापालिकेच्या ठिकाणी जन्माच्या लसी मोफत मिळतात. तुमच्या भागातल्या शहरी आरोग्य केंद्रात आधी जाऊन सिस्टरना विचारा: रविवारी किंवा सणाच्या दिवशी बाळ झालं तर कुठे यायचं?

बीसीजी (टीबीची लस) आणि पोलिओ तुमच्या कागदावर नाहीत, पण त्याही जन्माच्याच लसी. पोलिओचे दोन थेंब पंधरा दिवसांच्या आत. बीसीजी डाव्या दंडावर, महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली, आणि इथे पालक वैतागतात ते 'आज नाही, अमुक वारी या' या उत्तराने. त्यामागे कारण आहे. बीसीजीच्या एका कुपीत दहा बाळांची लस असते, ती कालवल्यावर चार तासांत संपवावी लागते, उरली तर फेकायची. एका बाळासाठी कुपी फोडत नाहीत, म्हणून वार ठरवतात. हिपॅटायटिस बीची कुपी मात्र उघडल्यावर नीट ठेवली तर चार आठवडे चालते, तिच्यासाठी 'बाळं जमू द्या' असं कुणी म्हणालं तर ते मान्य करू नका.

आता मलम. हा वाद खरोखर अमेरिकेतून आला आहे. तिथे अनेक राज्यांत हे मलम कायद्याने सक्तीचं आहे, म्हणून तिथल्या आया चिडतात, आणि त्यांच्या चिडण्यात तथ्य आहे. गोष्ट १८८०च्या सुमाराची. जर्मनीत लाइपझिगला क्रेडे नावाच्या डॉक्टरांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालायला सुरुवात केली आणि गोनोऱ्हिया या लैंगिक आजारामुळे येणारं आंधळेपण कमालीचं घटलं. त्या काळी अँटिबायोटिक नव्हतं, आईची तपासणी नव्हती. आज दोन्ही आहेत. सिल्व्हर नायट्रेटच्या जागी आता एरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचं मलम आलं, पण गोनोऱ्हियाचे अनेक जंतू त्याला जुमानेनासे झाले आहेत आणि क्लॅमिडिया या दुसऱ्या लैंगिक आजाराला ते खात्रीने रोखत नाही. ब्रिटनने ते कधीच सोडलं, कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली सरसकट मलमाविरुद्ध मत दिलं. जागतिक आरोग्य संघटना अजून सगळ्या बाळांना काहीतरी घालावं असं सुचवते, कारण जगात बहुतेक ठिकाणी आईची तपासणीच होत नाही. भारतात ते सरसकट दिलं जात नाही.

मग करायचं काय? तुमच्या गरोदरपणातल्या नेहमीच्या तपासण्यांत एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी येतात. गोनोऱ्हिया आणि क्लॅमिडिया येत नाहीत, त्या मागून घ्याव्या लागतात. लघवीच्या किंवा स्वॅबच्या नमुन्यावर ही तपासणी होते, मोठ्या लॅबमध्ये मिळते. नवऱ्याचीही करून घ्या. यात कुणावर संशय नाही, हे दोन्ही आजार वर्षानुवर्षं लक्षणांशिवाय अंगात राहू शकतात. दोघांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले तर मलमापुढे बिनघोर 'नाही' लिहा. कुणाचा पॉझिटिव्ह आला तर आत्ताच दोघांनी उपचार घ्या, पुन्हा तपासा, आणि बाळाबद्दल बालरोगतज्ज्ञांशी बोला. अशा वेळी नुसतं मलम पुरत नाही, आईला गोनोऱ्हिया असेल तर बाळाला इंजेक्शनही लागतं. तपासणी करायची नसेल, तर मलम घ्या. एक सेंटिमीटरची पट्टी, खालच्या पापणीच्या आत, दोन्ही डोळ्यांत, तासाभरानंतर घातलं तरी चालतं, म्हणजे पहिली नजरानजर होऊन जाते. घरात पडलेलं डोळ्यांचं कुठलंही मलम वापरू नका, त्यात स्टेरॉइड असू शकतं.

मलम घेतलं नाही तर पहिले दोन आठवडे डोळ्यांवर लक्ष हवं. एका डोळ्याला थोडी चिकट घाण, पांढरा भाग स्वच्छ, पापणी सुजलेली नाही: हे बहुधा अश्रुनलिका अजून उघडलेली नसल्यामुळे असतं, उकळून गार केलेल्या पाण्याने पुसा आणि पुढच्या भेटीत दाखवा. पापण्या सुजून बंद, दाट पिवळा पू, पुसला की पुन्हा भरतो, आणि हे दुसऱ्या ते पाचव्या दिवसात: लगेच हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही. गोनोऱ्हियाचा जंतू बुबुळाला भोक पाडू शकतो आणि त्याला फार वेळ लागत नाही. अशा डोळ्यांत आईचं दूध घालत बसू नका, आणि काजळ कुठल्याच डोळ्यांत नको, काही काजळांत शिसं असतं.

मिडवाईफकडच्या बाळंतपणात चांगली बाब ही की तुम्ही सहा-आठ तासांत घरी येता. अडचणही तीच. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन करायची तपासणी (थायरॉइड, लाल पेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी या घटकाची कमतरता, आणि सीएएच हा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचा जन्मजात दोष) ४८ ते ७२ तासांदरम्यान करायची असते. २४ तासांच्या आत घेतली तर थायरॉइडचा आकडा उगाच चढा येतो, कारण जन्मानंतर तो सगळ्याच बाळांत उसळतो. घरी गेलेलं बाळ तिसऱ्या दिवशी बाहेर काढायचं म्हणजे घरातून विरोध होणार, त्यामुळे कुठे आणि कुणी न्यायचं ते आत्ताच ठरवा. जन्मजात थायरॉइडची कमतरता साधारण हजारात एका बाळाला असते, दिसत काही नाही, आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बाळाची बुद्धी वाचते. जी-सिक्स-पीडीचा रिपोर्ट येईपर्यंत ट्रंकेतली डांबरगोळ्यांच्या वासाची जुनी दुपटी आणि झबली बाळाला घालू नका. या कमतरतेच्या बाळाच्या लाल पेशी त्या वासानेही फुटतात, आणि जोराची कावीळ होते. याच भेटीत उजव्या हाताला आणि पायाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावून घ्या. दोन्हीकडे ९५ टक्के किंवा त्याहून वर आणि फरक ३ पर्यंत असेल तर हृदयाच्या मोठ्या दोषाची शक्यता कमी होते.

तुमच्या टीमला छत्तिसाव्या आठवड्याच्या आत विचारायचं ते एवढंच: व्हिटॅमिन केची अँप्यूल कोण आणणार, कोण टोचणार? टोचणारी व्यक्ती महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली नर्स-मिडवाईफ आहे का? पहिल्या २४ तासांतल्या लसीसाठी बाळ कुठे जाणार? बाळाला तिसऱ्या दिवशी कोणते बालरोगतज्ज्ञ बघणार? हॉस्पिटलात न्यावं लागलं तर तिथे काय दिलंय, काय राहिलंय, हे कसं कळणार? शेवटच्याचं उत्तर माता-बाल संरक्षण कार्डावर असायला हवं: औषधाचं नाव, मात्रा, कुठल्या मांडीत, किती वाजता, बॅच नंबर. धावपळीत इंजेक्शन दिलं की नाही हे आठवत नाही, मग एकतर दोनदा दिलं जातं किंवा दिलंच जात नाही.

तुमच्या नवऱ्याला या कागदापेक्षा एक वेगळं काम द्या: शीचा रंग बघणं. चौदा दिवसांनंतरही कावीळ असेल, शी खडूसारखी किंवा फिकट राखाडी असेल, लघवीने दुपटं पिवळं डागाळत असेल, तर ती पित्तनलिकेच्या दोषाची खूण असते, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. सुवर्णप्राशन, गुटी यांतलं काहीही व्हिटॅमिन केची किंवा लसीची जागा घेत नाही, आणि मधातून तर वर्षाच्या आतल्या बाळाला काहीच देऊ नये, त्यातून बोट्युलिझमचा आजार होऊ शकतो.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. बारसं बाराव्या दिवशी करा, मनसोक्त करा. कान मात्र त्या दिवशी नकोत. इंजेक्शन न मिळालेल्या बाळाचा कान बाराव्या दिवशी टोचणं म्हणजे रक्त थांबेल की नाही याची परीक्षा बघणं. इंजेक्शन मिळालं असलं तरी बाळाचा धनुर्वाताविरुद्धचा पहिला स्वतःचा डोस सहाव्या आठवड्यात असतो आणि तिसरा चौदाव्यात. सासूबाईंना सांगा, चौथ्या महिन्यात, पेंटाव्हॅलंटचे तिन्ही डोस झाल्यावर, सोन्याची तार आणि निर्जंतुक सुई घेऊन त्याच सोनाराला, नाहीतर डॉक्टरांकडे, त्यांच्याच हातांनी बाळाला घेऊन जायचं आहे.